मे महिन्यातला मागचा टायर

फुस्स.

कूलरमधलं पाणी संपलं म्हणून तो नुकताच बंद केला होता आणि सगळं घर गप्प झालं होतं. मे महिन्यातली दुपार होती, बाहेर सत्तेचाळीस अंश तापमान. गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून सावलीला पडली होती. त्या शांततेत पडवीतून तो बारीकसा आवाज आला आणि आत तखतावर आडवे झालेले आबा उठून बसले.

दुसऱ्या कुणाचं त्या आवाजाकडे लक्षही गेलं नसतं. पण दिवाकर भोयर, म्हणजे इरावतीचे आबा, यांनी हिंगणघाटजवळ हायवेवर चाळीस वर्षं टायरचं दुकान चालवलं होतं. टायरमधून सुटणारी हवा त्यांना झोपेतही ओळखू येई.

"इरू, काय करून राहिली गं तिकडं?"

पुन्हा एकदा फुस्स झालं.

आबा पडवीत आले. तिथे आईची मोटरसायकल उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाशी दहा वर्षांची इरू उकिडवी बसली होती. पेनाच्या टोपणाने ती टायरच्या नळीतली बारीक पिन दाबत होती.

"हवा कमी करतेय," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो."

"म्हणतो. पण म्या सकाळीच केली ना कमी. अठ्ठावीस ठेवली मोजून."

"ती पंचेचाळीस डिग्रीची. आज सत्तेचाळीस आहे." इरूने टोपण खिशात टाकलं. "म्हणून मी अजून काढली. काल बायपासवर ट्रकचा टायर फुटला तेव्हा आवाज आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता, आबा. आणि आईला तर आज किनवटपर्यंत जायचंय."

तिचा आवाज शेवटी जरा चिरकला. मग आबांच्या लक्षात आलं की पोरगी कालपासून जेवताना गप्प का होती.

इरूच्या आईचं नाव स्पृहा. ती मातृदुग्ध पेढीत काम करायची. (ज्या आयांना जास्त दूध येतं त्यांनी दिलेलं दूध तपासून, निर्जंतुक करून, थंड ठेवणारी जागा म्हणजे मातृदुग्ध पेढी.) काही बाळं वेळेच्या फार आधी जन्मतात, साखरेच्या एक किलोच्या पुड्याएवढीच असतात, आणि त्यांच्या आईला लगेच दूध येत नाही. अशा बाळांसाठी हे दूध गावोगावच्या दवाखान्यांत पोचवावं लागतं. एरवी ते काम ड्रोन करत. पण हवा फार तापली की ती विरळ होते, ड्रोनच्या पंख्यांना रेटायला पुरेशी हवाच मिळत नाही, आणि बॅटऱ्याही तापतात. म्हणून पंचेचाळीस अंशांच्या वर ड्रोन उडवायला मनाई होती. असे दिवस आता दर उन्हाळ्यात वीस-पंचवीस तरी येत. त्या दिवसांत दूध जाई ते आईच्या मोटरसायकलवरून, शीतपेटीत.

आज किनवटच्या दवाखान्यात तीन बाळं वाट पाहत होती. तिथलं दूध रात्री आठच्या पाजण्यापर्यंतच पुरणार होतं. अंतर एकशे साठ किलोमीटर. आई सकाळची फेरी करून दहाला परतली होती, आतल्या खोलीत झोपली होती आणि चारला पुन्हा निघणार होती.

"बावीस," कोपऱ्यातून आवाज आला. "मागच्या टायरमध्ये आता बावीस पौंड हवा आहे. असायला हवी चौतीस."

बोलणारं यंत्र मोठ्या कासवाएवढं होतं आणि सगळे त्याला कासवच म्हणत. ते रस्तेवाल्यांचं होतं. हायवेच्या कडेकडेने हळूहळू सरकत टायरांची झडलेली भुकटी गोळा करणं हे त्याचं काम. दुपारी बारा ते चार त्यालाही ऊन सोसत नसे, म्हणून भोयरांच्या पडवीत येऊन ते सावलीला थांबे आणि आपली बॅटरी भरून घेई.

"आला बाप्पा, जावई बोलला," आबा म्हणाले. "रोज यायचं, सावलीत बसायचं, आमची वीज प्यायची, आणि वरून आम्हालेच शिकवायचं."

"विजेचे पैसे रस्ते विभाग देतो," कासव म्हणालं. "आणि मी शिकवत नाही. मला एक कोडं पडलं आहे, ते विचारू का?"

इरूला कोडी आवडत. ती त्याच्याकडे वळून बसली.

"ही गाडी रोज माझ्यासमोर उभी असते, म्हणून मी रोज तिच्या टायरांची नक्षी मोजतो. नक्षी म्हणजे टायरवरच्या खोबणी. टायर झिजतो तशा त्या उथळ होत जातात. जानेवारीत मागचा टायर महिन्याभरात अर्धा मिलिमीटर झिजला. फेब्रुवारीत अर्धा. मार्चमध्ये अर्ध्याहून जरासा जास्त. एप्रिलपासून मात्र महिन्याला दीड मिलिमीटर. तिप्पट. का?"

"ऊन," आबा म्हणाले. "त्यात कोडं कायचं? सिमेंटचा रस्ता, त्यावर ऊन, डांबरसुद्धा वितळते, मग रबराची काय कथा."

"आई उन्हाळ्यात जास्त फिरते," इरू म्हणाली.

"फेऱ्या जास्त आहेत, पण तेवढ्या नाहीत. दीडपट. झीज तिप्पट आहे. आणि उन्हाचं म्हणाल तर पुढचा टायरही त्याच उन्हात, त्याच रस्त्यावर, तेवढाच फिरतो. मागच्यावर इंजिनाचा जोर आणि शीतपेटीचं ओझं असतं म्हणून तो नेहमीच पुढच्यापेक्षा लवकर झिजतो, ते वेगळं. पण पुढच्या टायरची झीज उन्हाळ्यात दीडपटच वाढली, फेऱ्या वाढल्या तेवढीच. मागच्याची तिप्पट. इथेच माझं अडतं. मला गाडी फक्त उभी असताना दिसते. तिच्याशी घरात कोण काय करतं, ते मला ठाऊक नसतं. दुपारी मी येतो तेव्हा हवा कधी चौतीस असते, कधी अठ्ठावीस. मला वाटलं, कुठेतरी गळती असेल."

इरूने पुढच्या चाकाकडे पाहिलं, मग मागच्या. एकाच गाडीची दोन चाकं, एकच ऊन, एकच रस्ता. दोघांत वेगळं काय?

"आबा," ती हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात तुम्ही पुढच्याची पण हवा काढता का?"

"नाही. पुढं कुठं ओझं असते? फुटायची भीती मागच्याले. मागचीच काढतो."

म्हणजे मागच्या टायरलाच काहीतरी वेगळं होत होतं. आणि ते घरातच होत होतं.

आबांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे हे यंत्र म्हणून राहिलं, म्या हवा काढतो म्हणून टायर झिजते? अरे, तापली की हवा फुगते. लहान पोरालेही समजते. आधीच भरून ठेवली तर फुगून फुगून टायर फुटेल का नाही?"

"हवा तापली की दाब वाढतो, हे बरोबर आहे," कासव म्हणालं. (दाब म्हणजे आत कोंडलेली हवा टायरला आतून जितक्या जोराने रेटते तो जोर.) "चौतीसचे अडतीस होतात, कधी चाळीस. टायर बनवणाऱ्यांनी तेवढी जागा आधीच ठेवलेली असते. चांगला टायर याहून कितीतरी जास्त दाब सोसतो."

"म्या बी चाळीस वर्षं टायरच पाहिले."

आता दोघंही इरूकडे बघायला लागले, जणू ती पंच होती. इरूला दोघांपैकी कुणाचंही नुसतं ऐकायचं नव्हतं. आई चारला निघणार होती आणि आता पावणेतीन झाले होते.

"करून बघू या," ती म्हणाली.

तिने आतून रांगोळीचा डबा आणि जुनं वर्तमानपत्र आणलं. कागद पडवीतल्या फरशीवर पसरून त्यावर चाळणीने रांगोळीचा पातळ थर दिला. मग आबांनी हँडल धरलं, इरूने मागून रेटलं आणि मागचं चाक त्या कागदावरून पुढे गेलं. रांगोळीत टायरचा ठसा उठला, चार बोटांएवढा रुंद. मधे रांगोळी जराशीच दबलेली होती. दोन्ही कडांना मात्र ती घासून पुसली गेली होती आणि खालची अक्षरं स्वच्छ दिसत होती.

"याला स्पर्शठसा म्हणू," कासव म्हणालं. (म्हणजे टायरचा रस्त्याला टेकलेला भाग.) "आता हवा भरून पुन्हा करा."

आबांनी कुरकुरत पायाने दाबायचा जुना पंप काढला. विजेचा पंप त्यांच्याकडे होता, पण हवेच्या बाबतीत त्यांचा पायावरच विश्वास. चौतीस झाल्यावर दुसरा कागद, दुसरी रांगोळी. या वेळी ठसा दोनच बोटांचा उठला, आणि सगळीकडे सारखा.

इरू दोन्ही कागद शेजारी ठेवून ओणवी झाली.

"हवा कमी असली की टायर पसरतो. पोट टेकवून चालल्यासारखा. म्हणून कडा घासतात."

"टायरच्या कडांना हात लावून पाहा."

तिने बोट फिरवलं. मधल्या भागातल्या खोबणीत बोटाचं टोक शिरत होतं. कडांच्या खोबणी त्याहून पुष्कळच उथळ झाल्या होत्या. हे तिला रोज दिसत होतं, पण आजवर तिने पाहिलं नव्हतं.

"बरं, झिजते म्हणून समजलं," आबा म्हणाले. "एक वेळ टायर लवकर बदलू. पण फुटणं वेगळं. झिजला तरी चालेल, फुटाले नको. पोरगी रस्त्यावर राहते माझी."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की इरूला एकदम वाटलं, आपण आणि आबा एकाच गोष्टीला भीत होतो.

"तुमच्याकडे रबरी चेंडू आहे का?" कासवाने विचारलं.

चेंडू होता. इरूने तो छातीच्या उंचीवरून सोडला. आपटून तो तिच्या कमरेपर्यंत आला. पुन्हा सोडला, पुन्हा कमरेपर्यंतच.

"छातीपर्यंत का नाही आला?" कासव म्हणालं. "खाली पडताना त्याच्याजवळ जितकी ऊर्जा होती, तितकी वर येताना उरली नाही. उरलेली कुठे गेली?"

"आवाजात?"

"थोडी आवाजात. बरीचशी चेंडूच्या रबरातच राहिली, उष्णता होऊन. रबर दाबलं की ते दबतं, सोडलं की परत येतं. पण जेवढं घेतलं तेवढं सगळं परत देत नाही. थोडं आत ठेवतं, आणि तेवढं तापतं. एकदा आपटल्याने कळत नाही. दोनशे वेळा आपटून बघ."

इरूने दोनशे वेळा चेंडू आपटला. आबा मोजत होते आणि दीडशेला ते चुकले, म्हणून तिने उगाच वीसेक जास्तीच केले. मग तिने चेंडू गालाला लावला. आधीपेक्षा तो गरम होता का, तिला नक्की सांगता येईना, कारण सगळंच गरम होतं. कासवाने आपल्या डोळ्याने पाहिलं. त्याचा एक डोळा अवरक्त किरण पाहणारा होता. (तापलेल्या वस्तूंमधून निघणारे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरण.)

"तीन अंशांनी वाढला," ते म्हणालं. "आता चाकाचा विचार कर. चाक फिरताना टायरचा जो भाग खाली येतो, तो रस्त्यावर दबतो आणि वर गेला की पुन्हा गोल होतो. चाकाची एक फेरी म्हणजे साधारण दोन मीटर. किलोमीटरला पाचशे फेऱ्या. किनवटपर्यंत?"

इरूने बोटाने फरशीवरच्या रांगोळीत गुणाकार केला. "ऐंशी हजार."

"ऐंशी हजार वेळा दबायचं आणि उठायचं. हवा पुरेशी असली तर टायर थोडासाच दबतो. हवा कमी असली तर?"

"पोट टेकवून चालतो. खूप दबतो." ती थांबली. "प्रत्येक वेळी जास्त दबतो, म्हणजे प्रत्येक वेळी जास्त उष्णता आत ठेवतो."

"आणि गरम रबर मऊ होतं. मऊ रबर लवकर झिजतं. फार तापलं तर टायरच्या आत जे दोऱ्यांचं कापड असतं, त्यापासून रबर सुटायला लागतं. सगळ्यात जास्त वाकतात त्या टायरच्या बाजू. तिथे आधी."

आबा पायरीवर बसले.

"इरू," ते म्हणाले, "माझ्या दुकानात मे महिन्यात फुटलेले टायर यायचे. आठवड्याले चार-पाच तरी. म्या प्रत्येक टायर उलटून पाहायचो. खिळ्यानं गेला का, दगडानं गेला का." त्यांनी हवेत बोटाने एक गोल काढला. "खिळ्याचा असला तर भोक असते. पण उन्हाळ्याचे जे फुटले, ते सगळे बाजूनं फाटलेले. बाजूले गोल पट्टी भाजल्यासारखी, निळसर, अन् आतल्या दोऱ्या बाहेर निघालेल्या. जानव्यासारख्या लोंबायच्या. मधून फुटलेला, फुगून फुटलेला... नाही आठवत मले. एखादाही नाही आठवत."

"म्हणजे त्यांच्यात हवा..."

"कमी होती. अन् म्या त्यांले नवीन टायर बसवून देऊन काय सांगायचो? मामा, ऊन आहे, हवा कमी ठेवा." आबांनी डोक्यावरून हात फिरवला. "किती जणांले सांगितलं असंन म्या."



इरूच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. आज आबांना जाग आली नसती तर आई बावीस पौंडांवर निघून गेली असती. शीतपेटी मागे बांधून, एकशे साठ किलोमीटर, भाजत्या रस्त्यावरून. आणि हवा काढली होती ती तिने. आईला काही होऊ नये म्हणून काढली होती. तिचे डोळे भरून आले आणि ती भिंतीकडे तोंड करून रांगोळीचा डबा उगाचच बंद करायला लागली.

आबांनी ते पाहिलं.

"इकडं ये," ते म्हणाले. "हिशेब कर. चौतीसचे अठ्ठावीस कोणं केले?"

"तुम्ही."

"किती कमी?"

"सहा."

"अठ्ठावीसचे बावीस कोणं केले?"

"मी."

"किती?"

"सहा."

"मग बरोबरीत सुटलो. फक्त म्या चाळीस वर्षं करून राहिलो, अन् तू आज दुपारी. तुले लवकर अक्कल आली."

इरूला रडता रडता हसू आलं.

"काय चाललंय तुमचं? आणि ही रांगोळी कसली? दिवाळी आहे का?" दारात आई उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने फरशीकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, मग इरूच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि न विचारता तिला जवळ घेतलं.

इरूने सगळं सांगितलं. स्वतःचं आधी सांगितलं, मग आबांचं. आईने ऐकून घेतलं, खाली बसून टायरच्या कडांवरून हात फिरवला आणि खोबणीच्या तळाशी असलेला बारीक उंचवटा नखाने चाचपला. रबर त्या उंचवट्यापर्यंत झिजलं की टायर बदलायचाच, एवढं तिलाही माहीत होतं.

"अजून आहे थोडा," ती म्हणाली. "आजचं आणि उद्याचं जाणं-येणं निघेल. परवा नवीन टाकू." मग वडिलांकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही काय म्हणता? चौतीस ठेवू?"

आई कासवाला विचारू शकली असती. पण तिने आबांना विचारलं.

"चौतीस," आबा म्हणाले. "अन् रस्त्यात मोजशील नको. गाडी चालून आली की हवा तापलेली राहते, अडतीस दिसन, अन् एखादा पंपावरचा पोट्टा काढून देईन चार पौंड. हवा मोजाची ती घरून निघताना, गाडी थंड असताना. समजलं?"

"हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पाच मिनिटांपासून," आबा म्हणाले.

"चाळीस भरली तर?" इरूने मधेच विचारलं. "पोट अजिबात टेकणार नाही. झिजणारच नाही."

"मग तो मधल्या एका पट्टीवरच उभा राहील आणि ती पट्टी झिजेल," कासव म्हणालं. "शिवाय ब्रेक दाबला की गाडी घसरेल. टायरने रस्ता धरून ठेवायचा असतो. रबर खडबडीत रस्त्याच्या बारीक फटींत शिरतं, तिथे अडकतं, आणि सुटताना स्वतःचा एक कण मागे सोडून येतं. धरण्याची किंमत म्हणून थोडं झिजावं लागतं. उगाच झिजू नये, एवढंच आपल्या हातात आहे."

चार वाजता आई निघाली. शीतपेटीवर हिरवा दिवा लागला होता, आतलं तापमान बरोबर असल्याचा. इरूने हात हलवला, पण तिचे डोळे मागच्या चाकावरच होते.

कासवाचीही निघायची वेळ झाली होती. ते जरा घुटमळलं. "मी आज दोन तास इथूनच काम करीन. कारण द्यावं लागेल. 'टायर-निरीक्षण' असं लिहीन."

हायवेवर अशी कासवं ठिकठिकाणी होती आणि ती एकमेकांशी बोलत. पाचला काही मिनिटं असताना वाटेतल्या वडकीच्या कासवाने कळवलं : गाडी गेली, मागचा टायर एकाहत्तर अंश. इरूचं तोंड उतरलं.

"एकाहत्तर खूप आहे का?"

"रस्ताच बासष्ट आहे. मागच्या गुरुवारी, अठ्ठावीस पौंडांवर, वडकीला हाच टायर शहाऐंशी होता."

"आणि बावीसवर?"

"ते मोजायची वेळ आली नाही," कासव म्हणालं.

त्यापुढच्या पांढरकवड्याहून आकडा आला चौऱ्याहत्तर. गेल्या गुरुवारी तिथे त्र्याण्णव होता. आबांनी दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले, दुधाच्या खुणांच्या बाजूला. मग सात वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला. पोचली. तिच्या मागून कुठलं तरी यंत्र बारीक टुकटुक करत होतं आणि एक नर्सबाई म्हणत होत्या की दोन मिली, एकदम नाही, थेंबथेंब. इरूने विचारलं की बाळं कशी आहेत, तर आई म्हणाली, एकाने माझं बोट धरलं, सोडतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई ऊन चढायच्या आत, साडेआठला परत आली. आबांनी तिच्या हातात चहा दिला आणि ते मागच्या चाकाशी जाऊन बसले. कासव आज सकाळीच आलं होतं आणि काल भरलेली आपल्या पोटातली पिशवी पडवीच्या कडेला रिकामी करत होतं. काळी, मऊ भुकटी, काजळासारखी. थोडी इरूच्या बोटांना लागली.

"हे टायर आहेत?"

"होते. काल माझ्या पट्ट्यातून जेवढ्या गाड्या गेल्या, त्यांच्या टायरांतून साधारण नऊ किलो रबर झडलं असणार. ही साडेपाच किलो. हिच्यापासून शाळांच्या मैदानांवर अंथरायच्या लाद्या करतात."

इरूने बोटं पुसली नाहीत. ती त्या काळ्या ढिगाकडे बघत राहिली आणि मनातल्या मनात वजाबाकी केली.

"साडेतीन किलो राहिलं."

"ते मला सापडत नाही. वारा नेतो. पुढे पाऊस नेईल." कासवाने सांगितलं, "अजून चांगली कासवं बनवायचं काम चालू आहे. आणि कमी झडणाऱ्या रबराचंही. पण पुष्कळ गोष्टी अजून शोधायच्या राहिल्या आहेत. माणसं हवी आहेत त्यासाठी."

"आबांनी हवा कमी करणं सोडलं तर पण कमी झडेल ना? आणि ज्यांना ज्यांना त्यांनी सांगितलं होतं, त्यांनी सोडलं तर?"

"तर बरंच कमी झडेल."

"लिहितो आज पाटी," आबा चाकाजवळून म्हणाले. "दुकान बंद झालं म्हणून काय झालं? रस्ता तर समोरच आहे."

आई पायरीवर बसून चहा पीत होती. इरू तिच्याशेजारी येऊन बसली, काळी बोटं स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून. समोर हायवे होता आणि हायवेच्या पलीकडे नांगरून ठेवलेली शेतं, पावसाची वाट बघत उघडी पडलेली. महिन्याभराने तिथे बायका ओळीने वाकून सरकी, म्हणजे कापसाचं बी, मातीत टोबणार होत्या, आणि दिवाळीपर्यंत सगळं पांढरं होणार होतं.

"आई," इरू म्हणाली, "ते साडेतीन किलो तिकडेच गेलं असणार ना, मातीत? रोज साडेतीन किलो. मग सरकीला कोंब फुटतो तेव्हा तिच्या मुळांना ते लागत असेल. तिला कळत असेल का गं, की ही माती नाही?"